दर अकरा सेकंदांनी

७ जानेवारी

प्रिय ताई,

आठ महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही. त्याची तीन-चार कारणं जमवून ठेवली होती, पण लिहायला बसल्यावर त्यातलं एकही खरं वाटेना. म्हणून नुसतंच माफ कर म्हणते.

आज लिहिते आहे ते कामासाठी, हेही आधीच सांगून टाकते. नाहीतर दोन पानं ख्यालीखुशाली लिहून शेवटी विषय काढला असता आणि तू म्हणाली असतीस, "आली बारकी मुद्द्यावर."

महिन्यापूर्वी आपल्या प्रमुखांनी बोलावलं. आत गेल्यावर स्वतः उठून दार लावलं, तेव्हाच मला वाटलं काहीतरी बिनसलंय. पण बातमी चांगली होती. तिकडच्या संस्थेत तुझी विभागप्रमुख म्हणून निवड जवळजवळ झाली आहे. अडलंय एवढंच की, ज्या प्रयोगावर तुझं नाव झालं तो दुसऱ्या कोणीतरी करून पाहिल्याचा कागद निवड समितीला हवा आहे, एकतीस मार्चच्या आत.

मी म्हटलं, "दुसरं कोणी म्हणजे मी कशी? मी तर तिची बहीण."

"मावसबहीण," ते म्हणाले. "फॉर्मवर सख्ख्या नात्याचंच विचारलंय. शिवाय तुमचं नाव तिच्या लेखात नाही, खालच्या आभारांत आहे. आणि ते यंत्र चालवणारं इथे तुमच्याशिवाय आहे कोण?"

म्हणजे तुझी नेमणूक माझ्या सहीवर थांबली आहे. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. का, ते अजून कळलेलं नाही.

रविवारी मावशीचा फोन होता. तिला तुझ्याकडून सगळं आधीच कळलेलं. म्हणाली, "तुम्ही दोघी इतकी वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत बघता तरी काय, एकदा नीट सांग." मी सांगितलं, उंदराच्या फुफ्फुसाचा पातळ काप घ्यायचा. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. कॅल्शियम वाढलं की उजळणारा रंग त्यांच्या भिंतीत भरायचा. भिंतीतल्या पेशीत कॅल्शियम वाढलं की ती आवळते, त्याच वेळी तिथे उजेड दिसतो, आणि आपण त्याचं चित्रण करतो. ताईनं नऊ वर्षांपूर्वी दाखवलं की हा उजेड दर अकरा सेकंदांनी लाटेसारखा येतो, म्हणजे या वाहिन्यांना स्वतःचा ताल आहे. मावशी म्हणाली, "म्हणजे दिवा लागतो नि विझतो, एवढंच ना? मग सही करून टाक की!"

तर ताई, तीन आठवडे झाले, मला लाट दिसलेली नाही. माझंच काहीतरी चुकत असणार. तुझा काप किती जाड होता? खोली किती गरम ठेवायचीस? रंग किती वेळ भरू द्यायचीस? लेखात आहे ते सगळं केलं. लेखात नसलेलं काही असेल तर सांग.

तुझी,
बारकी

•

१५ जानेवारी

प्रिय बारके,

पत्र बघूनच बरं वाटलं. पाकिटावरचं तुझं अक्षर अजून तसंच, मुंग्या रांगेत चालल्यासारखं. माफीबिफी राहू दे. मी तरी कुठे लिहिलं?

आईचं मनावर घेऊ नकोस. तिच्या मते मी विभागप्रमुख झालेच आहे. शेजारणींना सांगून झालंय, आता दातांच्या डॉक्टरला सांगायचं राहिलंय. परवा मला म्हणाली, "तिथे गेल्यावर तरी जरा नीट कपडे घाल." मी म्हटलं, आई, अजून सही व्हायची आहे. तर म्हणते, "बारकी करेल. ती काय परकी आहे?"

आता तुझे प्रश्न. लाट लगेच दिसत नाही. काप घेतल्यावर दोन तास त्याला हात लावू नकोस. शरीराइतकी ऊब हवी, खोलीच्या गारव्यात वाहिन्या झोपून राहतात. रंग ताजा घे, उघडून महिना झालेला चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंप बंद करू नकोस. ताजं द्रावण थांबलं की काप गुदमरतो आणि तुला मेलेली वाहिनी बघत बसावं लागतं. हे आपल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं, तरी सांगते.

काळजी करू नकोस. मलाही पहिली लाट दिसायला दोन महिने लागले होते, आणि तुझ्या हाताला माझ्यापेक्षा जास्त सफाई आहे. वेळ आहे अजून, काळजी करू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. म्हातारा दार लावून बोलायला लागला म्हणजे त्यालाही कुणीतरी विचारलेलं असतं. त्यानं आणखी काही विचारलं का?

•

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

दोन तास थांबले. ऊब ठेवली. रंग नवा मागवला. पंप एकदाही बंद केला नाही. एकवीस काप झाले. वाहिन्या मेलेल्या नाहीत, औषधाचा थेंब टाकला की सगळ्या एकदम उजळतात आणि आवळतात. पण एरवी इकडे एक ठिणगी, तिकडे एक. मध्ये चार सेकंद जातात, कधी चाळीस. लाट नाही, ताल नाही.

मग मी तुझी जुनी चित्रणं उघडली. खरं तर विचारून उघडायला हवी होती, पण ती संस्थेच्याच कपाटात होती आणि चावी माझ्याकडे. बघितल्यावर दोन क्षण वाटलं, मीच वेडी. इतकी सुंदर लाट! दर अकरा सेकंदांनी, घड्याळ लावून घ्यावं अशी.

पण त्यात एक वेगळा फोल्डर आहे, "मेलेल्या" नावाचा. त्यात एकोणीस चित्रणं. प्रत्येकात आधी लाट आहे आणि मधेच थांबते. ही एकोणीस लेखात कुठेच मोजलेली नाहीत. ताई, का?

हे लिहिताना मी स्वतःलाही विचारते आहे की हे मी कामासाठी विचारतेय की आणखी कशासाठी. तो लेख आला त्याच वर्षी तुझ्या आत्ताच्या जागेसाठी आपण दोघींनी अर्ज केला होता, हे मी विसरलेले नाही. तू गेलीस, मी यंत्रापाशी राहिले. त्याचा राग नाही असं मी सगळ्यांना सांगते. स्वतःला सांगताना मात्र जरा अडखळायला होतं. तेव्हा माझ्या प्रश्नातून तेवढा भाग वजा करून उत्तर दे. पण दे.

आणखी एक. तुझ्या पत्रात "काळजी करू नकोस" दोनदा आहे. मी काळजीत आहे असं मी लिहिलंच नव्हतं.

तुझी,
बारकी

•

१६ फेब्रुवारी

बारके,

तू मला तपासते आहेस का?

मेलेल्या म्हणजे मेलेल्या. तो पंप तेव्हा जुना होता, त्याची रबरी नळी सारखी चिरायची. ती बदलायला पंप थांबवावा लागे. थांबला की लाट जायची. पंप चालू केला की काही वेळानं परत यायची, पण एकदा गुदमरलेला काप मोजायचा नाही, हा आपल्या खोलीचा नियम होता. तूच तो फळ्यावर लिहिला होतास, लाल खडूनं. मी लपवायला ठेवलं असतं तर फोल्डरला नाव तरी दिलं असतं का?

जुन्या अर्जाचं तू काढलंस ते बरं केलंस. नऊ वर्षं मी वाट बघत होते की कधी काढशील. फक्त ते माझ्या प्रयोगाच्या चौकशीत घुसडून काढशील असं वाटलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं आणखी काय विचारलं, त्याचं उत्तर तू दिलेलं नाहीस.

ताई

•

१२ मार्च

ताई,

सोळा फेब्रुवारीनंतर तुझं पत्र नाही. मीही लिहिणार नव्हते. पण आज जे कळलं ते मनात ठेवलं तर मी उद्यापासून तुझ्याकडे सरळ बघू शकणार नाही.

चार तारखेला दाढ काढायला गेले होते, म्हणून सुट्टीवर होते. आज भांडारात हातमोजे आणायला गेले, तर भांडारवाल्या बाई म्हणाल्या, "काय हो, तुमची ताई येऊन गेली की! चहासुद्धा घेतला नाही. तुमच्यासाठी थांबली नाही वाटतं?"

मी म्हटलं, "कधी?"

"तुमची दाढ काढली त्या दिवशी. मी म्हटलं, बारकी आज नाही. तर म्हणाली, माहितीय."

"माहितीय" असं म्हणालीस तू. माझी दाढ मी फक्त मावशीला सांगितली होती.

मग मी नोंदवही मागितली. तुझी सही आहे. जुना चेंबर नेलास, म्हणजे ज्या काचेच्या खोबणीत काप ठेवून तू सगळं चित्रण केलंस ती, पंप आणि जादा द्रावण ओढून घेणाऱ्या शोषणसुईसकट. कारणाच्या रकान्यात लिहिलंयस "आठवण म्हणून". बाई म्हणाल्या, बिस्किटांच्या डब्यात घालून नेलंस. "मला वाटलं, मोठ्या जागेवर चालली आहे, जुन्या वस्तूवर जीव असतो माणसाचा."

ताई, तुला कशाकशाची आठवण येत असेल, पण एका चिरलेल्या नळीची?

मी तिथून सरळ यंत्राच्या खोलीत गेले आणि तुझी चित्रणं पुन्हा लावली. या वेळी वाहिनी बघितलीच नाही. वाहिनी सोडून बाकी सगळं बघितलं. एकाहत्तर नंबरच्या चित्रणात डाव्या वरच्या कोपऱ्यात एक कण आहे. धुळीचा असेल, काचेचा असेल. जिवंत नाही, एवढं नक्की. तो उजळतो आणि मावळतो, ताई. मी घड्याळ लावून बसले. दर अकरा सेकंदांनी. वाहिनीबरोबर, तिच्याच तालात.

धुळीला ताल नसतो. म्हणजे हलत होतं ते सगळंच, वाहिनीतलं कॅल्शियम नव्हे. काप दर अकरा सेकंदांनी किंचित वर-खाली होत होता आणि भिंगाच्या टप्प्यात आला की उजळ दिसत होता. कशानं, ते तो चेंबर हाताशी असता तर अर्ध्या तासात सांगितलं असतं. तो तुझ्याकडे आहे.

आणि मग लेख काढला. तेच चित्रण लेखात छापलंय. त्यात तो कण नाही. डावी कड छाटलेली आहे. कोणीतरी तो कोपरा बघून, ओळखून, कापलाय.

मी अजून प्रमुखांना काही बोललेले नाही. तू विचारतेस म्हणून सांगते, त्यांनी आणखी एकच विचारलं होतं, "बहिणीच्या विरुद्ध लिहायची वेळ आली तर लिहाल का?" मी म्हटलं होतं, तशी वेळ येणार नाही.

तुला आठ दिवस देते. हे वाक्य लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिलं.

बारकी

•

२० मार्च

बारके,

आठ दिवस दिलेस, आठव्या दिवशी लिहिते आहे. आधी लिहिता आलं असतं. का लिहिलं नाही तेही सांगते, मग तुला काय वाटायचं ते वाटू दे.

तुला उत्तर लिहिताना "थांबला की लाट जायची" हे वाक्य माझ्याच हातून कागदावर आलं. मी ते नऊ वर्षं तोंडानं म्हणत आले होते, लिहिलं कधीच नव्हतं. लिहिलेलं वाचलं तेव्हा खटकलं. पंप थांबला की दुसऱ्याच क्षणी लाट जायची, बारके. गुदमरायला काही मिनिटं तरी लागतात ना? मला हे तेव्हा दिसायला हवं होतं. पण थांबलेला पंप म्हणजे मेलेला काप, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लाट बंद झाली याचं नवल वाटायच्या आधीच मी ते चित्रण बाजूला टाकलेलं असायचं. एकोणीस वेळा.

म्हणून चेंबर नेला. तू नसताना नेला, कारण तू असतीस तर तुझ्यासमोर उघडावा लागला असता आणि आधी मला एकटीला बघायचं होतं. दाढेचं आईनं सांगितलं. आईला कशासाठी विचारलं ते सांगितलं नाही.

इथे तो जोडला. कापाऐवजी शिवणाचा दोरा ठेवला, पिवळ्या चमकदार मार्करनं रंगवून. पंप चालू केला. द्रावण एका बाजूनं येतं, दुसऱ्या बाजूनं सुई ते ओढून घेते, पण सलग नाही. पातळी सुईच्या टोकापर्यंत चढली की ती एक घोट घेते, पातळी उतरते, पुन्हा चढते. घोट दर अकरा सेकंदांनी. पाणी वर-खाली, दोरा वर-खाली. पडद्यावर माझी लाट. दोऱ्याला नाडी लागली होती. मी खुर्चीत बसून हसायला लागले, मग रडले, मग पुन्हा बघितलं. तुझ्या चेंबरमध्ये सुई नाही, कडेवरून पाणी सांडतं, म्हणून तुला कधीच दिसली नसती. कितीही ऊब दिलीस तरी.

हे सहा मार्चला कळलं. आज वीस तारीख. मधले चौदा दिवस मी काय करत होते? तुझी वाट बघत होते. तू सही केलीस तर गप्प बसायचं, नाही केलीस तर बोलायचं, असं ठरवलं होतं. म्हणजे माझा खरेपणा मी तुझ्या पेनात ठेवला होता. तुला वाटेल मी चांगली नाही. मलाही तसंच वाटतंय.

आता कोपऱ्याचं. तो कण मी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. चित्रणं बघताना मी फक्त वाहिनी बघायची. लेखातली चित्रं मी केली नव्हती. मी त्या महिन्यात आजारी होते, आठवतं? चित्रं तू केलीस. छाटणारं "कोणीतरी" तूच आहेस, बारके. तू डायरी लिहितेस ना? बघ.

समितीला मी अजून काही कळवलेलं नाही. तुझ्या कागदावर तू काय लिहायचं ते लिही. छाटणीचं मी कुणाला सांगणार नाही.

ताई

•

२४ मार्च

प्रिय ताई,

डायरी बघायला मी तीन दिवस घेतले. पहिल्या दिवशी म्हटलं, ताई माझ्यावर ढकलते आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्या वर्षीची वही सापडणारच नाही. वही कुठल्या खणात आहे हे मला नीट माहीत होतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरातलं पान जसंच्या तसं उतरवते:

"ताईला अजून ताप. तिची चित्रं मीच केली. पानाच्या रकान्यात बसत नव्हती म्हणून कडा छाटल्या. ७१ मध्ये कोपऱ्यात एक कण सारखा लुकलुकतो, डोळ्यांना खुपत होता, तो गेला ते बरं झालं. सगळी चित्रं आता एकसारखी दिसतात. प्रमुख म्हणाले, फार स्वच्छ काम."

"सारखा लुकलुकतो" असं मी लिहिलंय. दिसलं होतं मला. सेकंद मोजले नाहीत, कारण मोजायचं काही आहे असं वाटलंच नाही. मी कचरा काढत होते. मी, जी हातमोज्यांची खोकीसुद्धा तारीखवार लावते. नऊ वर्षं तुझ्या नावाकडे बघून मनात कुठेतरी म्हणत आले की हिचं काम मी इतकं स्वच्छ करून दिलं आणि नाव तिचं झालं. हिशोब खरा होता, फक्त उलटा.

तुझं शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. "छाटणीचं मी कुणाला सांगणार नाही." पहिल्यांदा माया वाटली. दुसऱ्यांदा सौदा वाटला, की तू गप्प, मी गप्प. तिसऱ्यांदा धमकी वाटली. चौथ्यांदा लक्षात आलं की हे तिन्ही अर्थ माझ्या मनातून निघतायत. वाक्यात यातलं काय आहे ते मला सांगता येत नाही, आणि तुला विचारलं तर तू जे सांगशील त्यावर मी विश्वास ठेवेनच असंही नाही. गेल्या तीन महिन्यांत आपण एकमेकींना इतकं निरखलंय की आता साधं "कशी आहेस" सुद्धा चौकशीसारखं वाटेल. याला उपाय मला एकच दिसतो. जे कुणी सांगणार नाही असं ठरलंय, ते आपणच सांगून टाकायचं. मग तुझ्या गप्प राहण्याला काही किंमत उरणार नाही, आणि ते पुन्हा नुसतं गप्प राहणं होईल.

कागद लिहून झाला आहे, प्रत सोबत पाठवते. प्रयोग करून पाहिला, लाट मिळाली नाही, जुन्या चित्रणातली लाट शोषणसुईच्या घोटामुळे होती, हे त्यात आहे. दोऱ्याचं मी लिहिलेलं नाही. ते तुझं आहे. तू समितीला स्वतः कळवलंस तर ते तुझं शोधणं ठरेल, माझ्या कागदामागून कळलं तर तुझं पकडलं जाणं. जागा बहुतेक दोन्हीत जाईल. एकतीस तारखेला अजून सात दिवस आहेत. यातला एकही मी देत नाहीये, ते तुझेच आहेत.

मावशीचा काल फोन होता. "झाली का सही?" मी म्हटलं, झाली. "अगं बाई! मग मी डॉक्टरला सांगू?" मी म्हटलं, थांब मावशी, ताई सांगेल तेव्हाच सांग. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "तुमचं भांडण झालंय का गं?" मी म्हटलं, नाही. हे खरं आहे का, ते तू सांग.

एक गोष्ट राहिली. त्या ठिणग्या, चार सेकंदांनी एक, चाळीस सेकंदांनी एक, त्या मी पुन्हा बघितल्या. दोन दिवस नुसत्या वाहिन्या बघत बसले, लाट शोधायची नाही असं ठरवून. त्या पाण्याबरोबर हलत नाहीत, ताई. एका पेशीत उजेड येतो, शेजारची अंधारीच राहते. त्या खऱ्या आहेत. बेताल आहेत, पण त्यांच्या स्वतःच्या आहेत. पुढेमागे तुला बघाव्याशा वाटल्या तर ये. मी असताना ये.

तुझी,
बारकी

•

२४ मार्च, डायरीत

उद्या: दहा वाजता प्रमुखांना डायरीतलं ते पान दाखवणे.